दास्यमुक्ती आणि हिंसा : स्पर्धेत न बोललेले चार शब्द

(बी. ए. भाग दोन)

गेल्या हिवाळ्यात आपल्या महाविद्यालयात आंतरवर्गीय वादविवाद स्पर्धा झाली. विषय होता, "गुलामी नष्ट करण्यासाठी केलेली हिंसा समर्थनीय ठरते." बाजू चिठ्ठी टाकून ठरायची होती. माझ्या वाट्याला विरोधी बाजू आली. ग्रंथालयातून दोन-तीन पुस्तके आणली, मुद्दे पाठ केले, साधनशुचितेवर बोलले, शेवटी बुद्ध आणि गांधी यांची नावे घेतली. टाळ्या पडल्या. दुसरे बक्षीस मिळाले. आमच्या घराण्यात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. साहजिकच प्रमाणपत्र घेऊन घरी गेले तेव्हा आनंदीआनंद झाला. आजीने प्रमाणपत्र उलटसुलट करून पाहिले आणि विचारले, "कायवर बोलली वं पोरी?" मी सांगितले. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मंग तुह्या मोठ्या आबाले काय म्हनशील?"

मित्रहो, त्या प्रश्नाचे उत्तर माझ्याजवळ नव्हते. आजही पुरते आहे असे नाही. परंतु स्पर्धेत पाच मिनिटांची घंटा वाजते, वार्षिकांकात ती वाजत नाही. म्हणून जे तेथे बोलायला हवे होते, ते येथे लिहीत आहे.

स्पर्धेत अनुकूल बाजूच्या जवळजवळ प्रत्येक वक्त्याने जॉन ब्राउनचे नाव घेतले. हा अमेरिकेतला गोरा माणूस. जन्म १८०० सालचा. काळ्या माणसाला विकणे आणि विकत घेणे हे पाप आहे असे म्हणणारे त्या काळी पुष्कळ होते. पाप आहे म्हणून हाती शस्त्र घेणारा गोरा मात्र विरळा. १८५६ च्या मे महिन्यात कॅन्सस प्रांतात त्याने व त्याच्या सोबत्यांनी गुलामगिरीच्या बाजूच्या पाच माणसांना रात्री घराबाहेर काढून ठार केले. १६ ऑक्टोबर १८५९ च्या रात्री अवघी एकवीस माणसे बरोबर घेऊन त्याने हार्पर्स फेरी येथील सरकारी शस्त्रागारावर हल्ला केला. शस्त्रे हाती येताच आसपासचे गुलाम आपल्याला येऊन मिळतील अशी त्याची कल्पना होती. तसा उठाव झाला नाही. दोन दिवसांत तो पकडला गेला. त्याची दहा माणसे मेली, त्यांत त्याची स्वतःची दोन मुले होती. २ डिसेंबर १८५९ रोजी त्याला फाशी झाली. त्यानंतर दीड वर्षाच्या आत अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, सहा लाखांवर माणसे मेली आणि १८६५ साली गुलामगिरी कायद्याने संपली.

हा माणूस हुतात्मा की खुनी, हा वाद अमेरिकेत आजही मिटलेला नाही. आपल्या स्पर्धेतही एका बाजूने त्याला हुतात्मा केले आणि दुसऱ्या बाजूने (म्हणजे मी) माथेफिरू. आज मागे वळून पाहताना वाटते, आम्ही दोघांनीही त्याच्या आयुष्यातल्या दोन गोष्टींकडे पाहिलेच नाही.

पहिली गोष्ट फ्रेडरिक डग्लसची. डग्लस स्वतः गुलाम म्हणून जन्मला, पळून मुक्त झाला आणि काळ्यांचा सर्वांत मोठा वक्ता ठरला. ब्राउनने त्याला हल्ल्यात सामील होण्याची गळ घातली होती. डग्लसने नकार दिला. तू सापळ्यात शिरतो आहेस, असे त्याचे सांगणे होते. तरीही पुढे १८८१ साली त्याच हार्पर्स फेरीला जाऊन डग्लसने ब्राउनचा मुक्तकंठाने गौरव केला. म्हणजे मार्ग चुकला असे सांगणारा आणि माणूस मोठा होता असे सांगणारा एकच! आपल्याला मात्र कोणाला तरी डोक्यावर घेतल्याशिवाय नाही तर पायदळी तुडवल्याशिवाय चैन पडत नाही.

दुसरी गोष्ट हेवर्ड शेफर्डची. हार्पर्स फेरीच्या हल्ल्यात पहिला बळी गेला तो कोणा गुलाम-मालकाचा नव्हे. तो होता रेल्वे स्टेशनवर सामान वाहणारा हेवर्ड शेफर्ड, एक मुक्त काळा माणूस. ज्यांच्यासाठी बंदूक उचलली त्यांच्यातल्याच एकाला पहिली गोळी लागली. ही घटना मी स्पर्धेआधी वाचली होती आणि आपल्या बाजूचा एक मुद्दा म्हणून वापरलीही होती. पण ती मुद्द्यापेक्षा मोठी आहे हे मला आजीमुळे कळले. ते पुढे सांगेन.

गुलामगिरी ही अमेरिकेची गोष्ट, आपला तिच्याशी काय संबंध, असा प्रश्न एका मित्राने स्पर्धेनंतर विचारला होता. जोतीराव फुल्यांना हा संबंध १८७३ सालीच दिसला होता. त्यांनी आपल्या पुस्तकाला नावच 'गुलामगिरी' असे दिले आणि ते अमेरिकेतल्या काळ्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केले. पुण्यात बसून ज्यांना तो धागा दिसला, त्यांच्या महाराष्ट्रात आपल्याला उदाहरणासाठी समुद्र ओलांडावा लागावा, हे आपल्या अभ्यासाचे लक्षण आहे.

आपले उदाहरण आहे ते वारल्यांचे. त्या वेळच्या ठाणे जिल्ह्यात, डहाणू व उंबरगाव तालुक्यांत, लग्नगडी नावाची पद्धत होती. वारली तरुणाने लग्नासाठी सावकाराकडून किंवा जमीनदाराकडून थोडे पैसे उचलायचे आणि ते फिटेपर्यंत त्याच्याकडे राबायचे. एकट्याने नव्हे, बायकोसह. ते कर्ज कधी फिटत नसे, कारण हिशेब लिहिणारा मालक आणि अंगठा उठवणारा गडी. पुष्कळदा जन्म संपे पण कर्ज संपत नसे. यांखेरीज वेठ होतीच, म्हणजे मालक बोलावील तेव्हा आपले शेत टाकून फुकट राबणे. हे कोणा चळवळ्याने रंगवून सांगितलेले नाही. सिमिंग्टन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १९३८-३९ च्या सुमारास मुंबई सरकारला दिलेल्या अहवालात ही स्थिती नमूद आहे. आणि गंमत अशी की, हिंदुस्थानात गुलामगिरीला कायद्याचा आधार राहिलेला नाही असे ठरवणारा कायदा १८४३ सालचा! शंभर वर्षे कायदा कागदावर होता आणि माणूस खुंट्याला.

ती दोरी सोडवण्यात ज्यांचा वाटा सर्वांत मोठा, त्या गोदावरी परुळेकर. जन्म १९०७ सालचा, पुण्याच्या वकिलाच्या घरातला. कायद्याची पदवी घेणाऱ्या महाराष्ट्रातल्या पहिल्या महिला म्हणून त्यांची ओळख सांगितली जाते. त्या कम्युनिस्ट, किसान सभेच्या कार्यकर्त्या. जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला किसान परिषद भरली, तिला उंबरगाव भागातून माह्या धांगडा आणि आणखी काही वारली गेले होते. त्यांनी आपली कहाणी तेथे मांडली. त्यानंतर गोदावरीबाई व शामराव परुळेकर त्या जंगलपट्टीत गेले. २३ मे १९४५ रोजी झरी या गावी हजारो वारली जमले आणि त्यांनी ठरवले की यापुढे वेठ करायची नाही आणि बारा आण्यांखाली रोजाने जायचे नाही. मग गावोगाव लाल बावटा फिरला, लग्नगडी मोकळे झाले. जी प्रथा पिढ्यान्‌पिढ्या हलली नव्हती ती काही आठवड्यांत मोडली.

या बाईंना त्या वेळी काय काय म्हटले गेले! भडकावणाऱ्या, जंगली लोकांच्या हाती काठ्या देणाऱ्या, रक्तपात घडवणाऱ्या. १० ऑक्टोबर १९४५ च्या रात्री, बाईंच्या जिवाला धोका आहे अशी हूल उठवली गेली आणि तलवाडा येथे हजारो वारली काठ्या घेऊन गोळा झाले. पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि इतर मिळून पाच वारली ठार झाले. पुढच्या वर्षी, खेर मंत्रिमंडळाच्या कारकिर्दीत, परुळेकर पतिपत्नींना जिल्ह्यातून तडीपार केले गेले. बाळासाहेब खेर हे स्वतः आदिवासींच्या सेवेत रस घेणारे सज्जन गृहस्थ होते, हे येथे मुद्दाम सांगितले पाहिजे. सज्जनांनाही दास्यमुक्ती हवी असते, फक्त ती गोंगाट न करता व्हावी असे त्यांना वाटते. गोदावरीबाईंनी या साऱ्याची हकीकत 'जेव्हा माणूस जागा होतो' या १९७० साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात लिहिली. १९७२ साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. १९९६ साली त्या वारल्या. तलवाड्याच्या हुतात्म्यांचे स्मरण दर वर्षी १० ऑक्टोबरला त्या भागात होते. आपल्या वऱ्हाडात किती जणांना ही तारीख ठाऊक आहे?

आता प्रश्न असा की वारल्यांचा लढा हिंसक होता काय? हाती काठ्या होत्या, हे खरे. पण तलवाड्याला मेले ते पाचही जण वारली. मजुरीचा दर मागणे आणि गवत कापायला न जाणे याला जर हिंसा म्हणायचे, तर मग लग्नगड्याच्या पाठीवर पडणाऱ्या फटक्याला काय म्हणायचे? हा पहिला मुद्दा, जो मी स्पर्धेत दडवला. हिंसा समर्थनीय आहे काय, हा प्रश्न आपण नेहमी बांधलेल्याला विचारतो. बांधणाऱ्याला विचारत नाही, कारण त्याची हिंसा रोजची असते आणि रोजच्या गोष्टीला कोणी हिंसा म्हणत नाही, रीत म्हणतात.

परंतु एवढ्यावर थांबले तर मी नुसती बाजू बदलली असे होईल. आणि येथे मला मोठ्या आबांची गोष्ट सांगितली पाहिजे.

माझे आजोबा आणि त्यांचे थोरले भाऊ, ज्यांना आम्ही मोठे आबा म्हणतो, दोघेही एका मोठ्या शेतकऱ्याकडे सालदार होते. पाडव्याला साल ठरायचे. महिन्याला काही पायल्या ज्वारी, वर्षाला थोडे रोख. रोख हाती येण्याआधीच उचलीत वळती व्हायचे आणि उरलेली बाकी पुढच्या सालावर चढायची. सालदाराची बायको वाड्यावर शेण काढायची, सडासारवण करायची, त्याचा मोबदला नाही. साल एकाचे, राबणारी दोघे. सालदारी म्हणजे कायद्याने गुलामगिरी नव्हे, हे मला माहीत आहे. सालदार पाडव्याला मालक बदलू शकत असे. ज्याच्यावर बाकी नाही, तो.

बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या वर्षीची गोष्ट. पेरणीचे दिवस. मोठ्या आबांचे मूल तापाने फणफणलेले होते म्हणून ते औतावर गेले नाहीत. मालकाचा कारभारी घरात शिरला आणि त्यांना दंडाला धरून ओढू लागला. आबांच्या हाताशी बैल हाकायची तुतारी होती. त्यांनी ती कारभाऱ्याच्या हातावर घातली. हाड मोडले. आबा काही महिने तुरुंगात राहिले.

आमच्या घरी ही गोष्ट पराक्रमाची म्हणून सांगितली जाते. लहानपणापासून मी ती तशीच ऐकली. त्या दिवशी मात्र आजीने तिचा दुसरा अर्धा भाग सांगितला. आबांना पोलीस घेऊन गेल्यावर आमच्या वस्तीतल्या सगळ्या सालदारांना कामावरून काढले. ज्या विहिरीवरून पाणी मिळायचे तेथे बायकांना उभे राहू देईनात. आबांचे ते तापलेले मूल त्यातून वाचले नाही. आजी म्हणाली, "हात त्यानं उगारला, उपाशी आमी सगळे रायलो. पन मंग कोन्या कारभाऱ्यानं कोन्या सालदाराच्या घरात पाय नाई टाकला. हेबी खरं हाये."

दोन्ही खरे आहे! स्पर्धेत परीक्षक अशा वक्त्याला गुण देत नाहीत. पण मला आजवर मिळालेले या विषयावरचे सर्वांत प्रामाणिक वाक्य हेच आहे. आणि ते ऐकताच मला स्टेशनवरचा तो हमाल, हेवर्ड शेफर्ड आठवला. उगारलेल्या हाताची किंमत बहुतेक वेळा हात उगारणारा एकटा देत नाही. जवळ उभे असलेले देतात.

म्हणून माझे मत असे झाले आहे की, मुक्तिदात्याला विचारायचा प्रश्न 'तू शस्त्र घेतलेस काय?' एवढाच नाही. 'ज्यांच्या माथी परिणाम येणार त्यांना तू विचारलेस काय?' हा त्याहून मोठा आहे. जॉन ब्राउनने गुलामांवर जीव ओवाळून टाकला. तो ढोंगी नव्हता, भित्रा नव्हता. पण त्यांच्या वतीने निर्णय मात्र त्याने घेतला आणि ते येतील असे गृहीत धरले. झरीला तसे घडले नाही. गोदावरीबाई शिकलेल्या, शहरातल्या, उच्चवर्णीय घरातल्या होत्या. पण वेठ बंद हा निर्णय वारल्यांनी हजारोंच्या सभेत स्वतः केला. पुढे गोळ्या झेलल्या त्याही आपल्या निर्णयासाठी. फरक हिंसा-अहिंसेचा असण्याआधी येथे आहे.

महाडची आठवण याच संदर्भात होते. २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी घेऊन परतणाऱ्या लोकांवर हल्ला झाला, डोकी फुटली. बाबासाहेबांच्या अनुयायांत सैन्यात राहून आलेले लोक होते, उलट वार करण्याची ताकद होती. बाबासाहेबांनी त्यांना आवरले. पुष्कळजण हे संयमाचे उदाहरण म्हणून सांगतात, ते योग्यच आहे. पण मला त्यात एक हिशेबही दिसतो. परिषदेला आलेले लोक दुसऱ्या दिवशी आपापल्या खेड्यात, चार घरांच्या वस्तीत एकटे परतणार होते. महाडला उगारलेल्या काठीचे उत्तर त्या चार घरांना मिळाले असते. हे ज्याला दिसते तोच पुढारी.

आणि तरीही, काठीशिवाय काहीच हलले नाही असेही प्रसंग आहेत. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यात सुपे येथे शेतकरी सावकारांवर चालून गेले. पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत तो उठाव पसरला. त्यांनी माणसे मारण्यापेक्षा रोखे आणि खतावण्या जाळल्या. त्यानंतर १८७९ साली शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा झाला. आधी अर्जविनंत्या झाल्या नव्हत्या काय? कागदाच्या होळीचा उजेड मात्र सरकारला लांबून दिसला. कागद जाळणे आणि माणूस मारणे यांना एकाच मापाने मोजणारे लोक मला पटत नाहीत. कॅन्ससच्या त्या रात्रीच्या पाच खुनांचे समर्थनही मला करता येत नाही. तेथे मी आजही विरोधी बाजूचीच आहे, पण आता चिठ्ठी निघाली म्हणून नव्हे.

एक गोष्ट मात्र दोन्ही बाजू विसरल्या. सुटल्यानंतर दुसऱ्या दिवशी काय खायचे? अमेरिकेत १८६५ साली बेड्या तुटल्या, पण जमीन मिळाली नाही. त्यामुळे लक्षावधी काळे लोक त्याच मळ्यांवर अर्धेलीने आणि कर्जाने पुन्हा बांधले गेले. वारल्यांनी वेठबंदीबरोबरच बारा आणे मागितले, यात त्यांचे शहाणपण होते. आमच्या वस्तीचेही तसेच. आजीला मी विचारले, "मग तुम्ही सुटलात कशाने?" ती म्हणाली, "दुष्काळानं." मला वाटले ती थट्टा करते. पण १९७२ च्या दुष्काळात सरकारी कामे निघाली, खडी फोडायला माणसे लागली. तेथे मालक नव्हता, उचल नव्हती, आठवड्याला रोख मजुरी होती. "माह्या हातावर माह्या नावाचे पैसे पयल्यांदा तवा पडले," आजी म्हणाली. पुढे १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला, त्याच्या आदल्या वर्षी वेठबिगार निर्मूलनाचा कायदा झाला होता. ज्याला दुसरीकडे रोज मिळतो त्याला बांधून ठेवणे कठीण जाते. आबांच्या तुतारीने कारभाऱ्याला घराबाहेर ठेवले. साल मात्र सुटले ते खडीच्या ढिगाने.

हा सारा इतिहास झाला असे समजून कोणी पान उलटू नये. आजही दिवाळीच्या सुमारास मराठवाड्यातून आणि आपल्या जिल्ह्याच्या काही भागांतून ऊसतोडीला टोळ्या जातात. मुकादमाकडून उचल घेतात. नवरा-बायकोची जोडी मिळून एक 'कोयता' धरला जातो. लग्नगडी, सालदार, कोयता! शब्द बदलले, दोघांना एकात मोजण्याची रीत बदलली नाही. वर्गात हजेरी घेताना दिवाळीनंतर काही नावांना 'उपस्थित' असे उत्तर येत नाही. ते का, हे आपण कधी विचारले आहे काय?

म्हणून आपल्या प्राध्यापकवर्गाला आणि मित्रांना माझी एक सूचना आहे. येत्या १० ऑक्टोबरला आपल्या भित्तिपत्रकाचा अंक तलवाड्याच्या स्मरणार्थ काढावा. त्यात जॉन ब्राउनवर जरूर लिहावे, पण हेवर्ड शेफर्डचे नाव वगळू नये. गोदावरीबाईंचे चित्र लावावे, पण जेठ्या गांगडाचे नाव त्याहून लहान अक्षरात नसावे. आणि प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाला 'साल कसे धरत, बाकी कशी चढे, आणि सुटलात कसे' एवढे विचारून एक पान लिहून आणावे. पुतळ्याला हार घालणे सोपे असते. ज्याचा पुतळा होणार नाही त्याचा हिशेब मांडणे, हे खरे स्मरण आहे असे मला वाटते.

हा लेख मी आजीला वाचून दाखवला. मोठे आबा आता नाहीत. सगळे ऐकून झाल्यावर तिने एवढेच विचारले, "त्या पोराचं लिहिलं का? तापानं गेलं ते?" लिहिले आहे, असे मी सांगितले. "मंग ठीक हाये," ती म्हणाली.